झग्यावरचा हिरवा क्रूस

फिलिप्पो बोनान्नी (जन्म १६३८) हा जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चच्या येशूसंघातला, पाद्री शंखशिंपल्यांवर लिहायचा, सूक्ष्मदर्शकातून किडे न्याहाळायचा, लाखेच्या रोगणाची कृती सांगायचा आणि जगभरच्या वाद्यांची सचित्र यादी करायचा. रोममधल्या आथानाझिउस किर्शर या विद्वान जेझुइटाच्या संग्रहालयाची देखभालही त्याच्याकडे होती. असा माणूस धर्मयोद्ध्यांच्या संघांकडे वळला की लढायांचा इतिहास कशाला लिहील? त्यानं त्यांचे कपडे नोंदले. १७११ साली रोममध्ये निघालेला, पोप अकरावे क्लेमेंट यांना अर्पण केलेला त्याचा ग्रंथ म्हणजे नाइटांच्या, म्हणजे या धर्मयोद्ध्यांच्या, संघांची चित्रसूची. चित्रात नाइट उभा, अंगावर झगा, झग्यावर क्रूस. सोबत लॅटिन आणि इटालियनमध्ये थोडका मजकूर.

वरवरचं काम वाटेल, पण या मंडळींच्या बाबतीत कापड हीच ओळख होती. साधूची व्रतं घ्यायची आणि तलवारही धरायची, असा दुहेरी संसार. तो कोणाच्या छत्राखाली चाललाय ते झगा सांगे. टेम्प्लर या संघाचा झगा पांढरा, क्रूस तांबडा. ट्युटॉनिकांचा झगाही पांढराच, पण क्रूस काळा. हॉस्पिटलरांचा काळ्यावर पांढरा, आठ टोकांचा. स्पेनच्या कालात्रावाचा क्रूस तांबडा, टोकाला फुलासारखा उमललेला. आल्कांताराचा त्याच घडणीचा, फक्त हिरवा. सांतियागोचा तर खालच्या बाजूनं चक्क तलवारीचं पातं होतो.

यातला एक क्रूस आपल्या किनाऱ्यावर आलेला आहे. १३१२ साली पोपनं टेम्प्लरांचा संघ मोडला, तेव्हा पोर्तुगालच्या दिनिश राजानं त्यांची मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये ख्रिस्ताचा संघ या नव्या नावानं तिथं संघ उभा राहिला. तांबडा क्रूस राहिला, त्याच्या पोटात एक पांढरा क्रूस आला. १४२० पासून या संघाचा कारभार पोर्तुगालचा राजपुत्र एन्रिक (इंग्रजीत हेन्री) याच्याकडे होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यानं निघालेल्या जहाजांमागे संघाचा पैसा होता आणि शिडांवर संघाचा क्रूस. वास्को द गामा आधी सांतियागोचा नाइट होता, १५०७ मध्ये तो ख्रिस्ताच्या संघात गेला. गोव्याच्या इतिहासात ‘पाद्रोआदो’ भेटतो, म्हणजे चर्चच्या नेमणुकांवरचा पोर्तुगीज राजाचा हक्क. त्याचं एक मूळ याच संघाला समुद्रापलीकडे मिळालेल्या धार्मिक अधिकारात आहे.

आता सावधगिरीची गोष्ट. सतराव्या-अठराव्या शतकातल्या अशा सूचिग्रंथांत कधीच नसलेले संघही ऐटीत उभे असतात. कोणी आपलं मूळ थेट सम्राट कॉन्स्टंटाइनपर्यंत नेतो, कोणी आठव्या शतकातल्या शार्ल मार्तेल या फ्रँक सेनानीनं स्थापल्याचं सांगतो. पुरावा शून्य, पण झगा, साखळी, पदक सगळं तपशीलवार! माझ्या मते अशा पानांची मजा वेगळी आहे. मात्र संघाचं स्थापना-वर्ष या ग्रंथांतून उचलू नये.

चित्रंही निरागस नसतात. तांब्याच्या पत्र्यावर चित्र जसंच्या तसं कोरलं की कागदावर ते उलटं उमटतं. बोनान्नीच्याच १६८१ च्या शंखांच्या पुस्तकात हा घोळ आहे: उजव्या वळणाचे शंख डाव्या वळणाचे होऊन बसलेत. म्हणून नाइटाचं चित्र बघताना आधी तलवार बघावी. ती डाव्या कमरेला हवी. उजव्या कमरेला असेल, तर छातीच्या कुठल्या बाजूला क्रूस आहे यावर विश्वास ठेवू नये.

रंगाचा घोळ याहून गमतीचा. काळ्या शाईत तांबडा-हिरवा दाखवायचा कसा? पेत्रा सांक्ता या दुसऱ्या एका जेझुइटानं १६३८ मध्ये, म्हणजे बोनान्नीच्या जन्मसालीच, रेघांची पद्धत रूढ केली. उभ्या रेघा तांबडा, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरी जागा रुपेरी. आपल्या डाव्या हाताला वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघा म्हणजे हिरवा, याच्या उलट उतरणाऱ्या म्हणजे जांभळा. उभ्या-आडव्या रेघांना ठसा उलटल्यानं काही होत नाही. आल्कांताराचा हिरवा क्रूस मात्र कोरणाऱ्याच्या एका विसरण्यानं जांभळा होतो.

बोनान्नीच्या ग्रंथासारख्या जुन्या पुस्तकाची प्रत विकायला आली की गिऱ्हाईक पहिल्यांदा बांधणीला भुलतं, आणि बांधणी तर कुणीही कधीही बदलू शकतो. नव्या बांधणीत पुस्तक कडेनं पुन्हा कापलेलं असतं. समास अरुंद दिसला, चित्राखालच्या ओळीची अक्षरं तळाशी छाटलेली दिसली, की समजावं. मग पानं. मजकुराचे फर्मे (छापून दुमडलेले ताव) मोजणं सोपं असतं: प्रत्येक जुजेच्या, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, पहिल्या पानांवर तळाशी अक्षर आणि आकडा असतो, आणि पानाखाली पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. पण तांब्याच्या ठशांची चित्रं वेगळ्या, रुळाच्या यंत्रावर छापून नंतर आत घातली असतील, तर ती या मोजणीत येत नाहीत. चित्र फाडून चौकटीत घालून विकलं तरी मजकूर अखंडच वाचता येतो! म्हणून ग्रंथालयांनी स्कॅन केलेल्या दोन-तीन प्रती शेजारी ठेवून एकेक नाइट हजर आहे का ते बघावं.

समोरच्या पानाकडेही लक्ष द्यावं. दोनतीनशे वर्षं दाबात राहिलेल्या चित्राची फिकट छाया तिथं पडलेली असते. छायेतला नाइट दाढीवाला आणि चित्रातला गुळगुळीत असेल, तर चित्र दुसऱ्या प्रतीतून आणलंय किंवा मधलं पान गेलंय. ठशाच्या कडेचा दाब बोटाला किंवा तिरप्या उजेडात जाणवायला हवा. दहापट भिंगाखाली शाईच्या रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती आधुनिक नक्कल.

रंगवलेली प्रत जास्त महाग सांगतात. रंग छापखान्यातला नसतो, हातानं भरलेला असतो, आणि पुष्कळदा खूप नंतरचा. जुन्या हिरव्या रंगात तांब्याचा क्षार असे. तो कागद खातो आणि पानाच्या पाठीमागे तपकिरी डाग उठवतो. आल्कांताराचं पान उलटून बघावं. क्रूस हिरवागार आणि पाठ पांढरीशुभ्र असेल, तर रंगाचं वय विचारावं. डाग असला तर जुनेपणाची खूण मिळाली, पण कागद तिथं ठिसूळ झालेला असतो, तेव्हा पान दुमडून बघायची हौस करू नये.

घरात ठेवायचं तर इटालियन पुस्तकांच्या चर्मपत्री बांधणीला हवेतली ओल-कोरड फार बाधते. पावसाळ्यात ती फुगते, एसीच्या कोरड्या हवेत आखडते आणि पुठ्ठे बाहेर वळतात. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर ठेवावी. पुस्तक सपाट उघडू नये, दोन्ही पुठ्ठ्यांखाली उशी देऊन इंग्रजी ‘व्ही’सारखं उघडावं. पांढरे हातमोजे फोटोपुरते ठीक. धुऊन कोरडे केलेले हातच बरे, कारण मोज्यात बोटाला पानाची कड कळत नाही आणि ती फाटते.