तहसीलदारांची तारीख आणि लिलावाची जाहिरात

पिंपरी-चिंचवडमधलं हे प्रकरण २०२४ चं. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. कलमं, मुदती आणि हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी आहे. आजोबा ७४ वर्षांचे, आजी ६९ च्या. चिंचवडचा ७२० चौरस फुटांचा फ्लॅट आजींच्या नावावर. सोमवार, २३ सप्टेंबरला दोघं मुलाबरोबर, कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले. पिशवीत लिफाफे होते, निम्मे न फोडलेले. सगळ्यात वर तहसील कार्यालयाचं पत्र: १० ऑक्टोबरला पोलीस बंदोबस्तात फ्लॅटचा ताबा घेण्यात येईल.

वसुलीच्या कामात एक सवय लागते. आधी काहीही बोलायचं नाही, सगळे कागद तारखेप्रमाणे लावायचे. घरच्यांची गोष्ट नंतर ऐकली तरी चालते, कारण ती बहुतेक वेळा एकच असते. इथेही तीच होती. मुलाचं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. त्यासाठी सप्टेंबर २०१७ मध्ये एका बँकेकडून फ्लॅट तारण ठेवून ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के, १५ वर्षं, हप्ता ४५,४६४ रुपये. मुलगा मुख्य कर्जदार, आजी सहकर्जदार, आजोबा जामीनदार.

बासष्टाव्या वर्षी आजींना १५ वर्षांचं कर्ज मिळालंच कसं, असं पुष्कळजण विचारतात. वयाची अट ज्याचं उत्पन्न हिशेबात धरलं जातं त्याला लागते. आजींचं उत्पन्न शून्य धरलं होतं. त्यांची सही हवी होती ती मालक म्हणून. म्हणजे फेडण्याची ताकद पाहिली मुलाची आणि घर घेतलं आईचं. वयस्कर माणसांची घरं जातात ती बहुतांशी या जोडणीतून. स्वतःच्या गरजेसाठी कर्ज काढून घर गमावलेले म्हातारे मी फार कमी पाहिलेत.

आता लिफाफे. शेवटचा हप्ता गेला सप्टेंबर २०२३ मध्ये, तो बहात्तरावा. ऑक्टोबरचा थकला, ९० दिवस उलटले आणि जानेवारीच्या सुरुवातीला खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, झालं. १५ जानेवारीला सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस, मागणी ३२ लाख १० हजारांची. आजोबांचा पहिला प्रश्न इथेच आला: सहा वर्षं भरलं ते गेलं कुठे? त्यांनी भरले होते ३२ लाख ७३ हजार, आणि मुद्दल कमी झालं होतं ८ लाख ९२ हजारांनी. यात फसवणूक नाही. १५ वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातले ३६,६६७ रुपये व्याजाचे असतात, मुद्दलात जातात जेमतेम ८,८००. कोविडमधली हप्ते पुढे ढकलण्याची सवलत त्यांनी घेतली नव्हती, नाहीतर आकडा आणखी फुगलेला दिसला असता.

नोटिशीनंतर ६० दिवस मिळतात. त्या काळात कलम १३(३ए) खाली लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. इथे हरकत गेलीच नव्हती. नोटीस मिळाली नाही असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीवर आजींचीच सही होती. पोस्टमनने पाकीट दिलं, त्यांनी सही केली, मुलगा म्हणाला मी बघतो, आणि पाकीट कपाटात गेलं.

२८ मार्चला कलम १३(४) खाली सांकेतिक, म्हणजे फक्त कागदोपत्री, ताबा. त्याची नोटीस दारावर चिकटवतात आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. दारावरचा कागद मुलाने संध्याकाळीच काढला होता. या पावलाविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम १७ चा अर्ज करायला ४५ दिवस असतात. ती मुदत मेच्या मध्यावर संपली. जुलैमध्ये प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा कलम १४ चा आदेश झाला आणि सप्टेंबरमध्ये तहसीलदारांचं पत्र आलं.

पिशवी उपडी करून पुन्हा पाहिलं. एक कागद त्यात नव्हता आणि तो नसणं हीच त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी होती: विक्रीची नोटीस. आम्ही बँकेच्या लिलावांच्या याद्या पाहिल्या, वर्तमानपत्रं पाहिली. लिलाव अजून जाहीर झाला नव्हता.

घरातल्या सगळ्यांना धडकी भरली होती ती १० ऑक्टोबरची. ते स्वाभाविक आहे. पोलीस दारात येणार म्हटल्यावर दुसरं काही सुचत नाही. पण तहसीलदार घर विकत नाहीत, ताबा घेऊन बँकेला देतात. मालकाचा हक्क तुटतो तो दुसऱ्या तारखेला. १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) प्रमाणे सगळी बाकी खर्चासह भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये, बाफना मोटर्सच्या प्रकरणात, हे स्पष्ट केलं. आधी लोक लिलाव होऊन गेल्यावरही पैसे घेऊन धावत यायचे आणि कधीकधी घर वाचायचं. आता तो भरवसा ठेवता येत नाही. जाहिरात छापून आल्यावर आलेल्या पिशवीत माझ्या हाताला फारसं काही लागत नाही.

मुलगाही सोबत आला होता. त्याचं म्हणणं, आईबाबांची सहा लाखांची एफडी मोडू, बारा हप्त्यांची थकबाकी भरू, खातं नियमित होईल. आकडा बरोबर होता: थकीत हप्ते ५ लाख ४६ हजार. एनपीए खातं पुन्हा नियमित करायचं तर पूर्ण थकबाकी भरावी लागते, थोडीफार भरून चालत नाही, हेही त्याला माहीत होतं. पण वर्कशॉप बंद पडलं होतं. पुढचा हप्ता कोण भरणार होतं? आजोबांचं ईपीएफचं निवृत्तिवेतन तीन हजारांच्या आत. एफडी गेली असती आणि चार महिन्यांनी तेच लिफाफे नव्या तारखांनी आले असते, फरक इतकाच की हातात औषधालाही पैसा नसता. या सल्ल्यावर मी जरा आवाज चढवूनच बोललो.

डीआरटीचा पर्याय तपासला. ३२ लाखांच्या मागणीवर अर्जाची फी १० हजारांच्या वर जाते, वकिलाची वेगळी, आणि स्थगिती मागितली की काही रक्कम भरायला सांगतात. तेही चाललं असतं, पण मुद्दा हवा. गहाणाची सरसाई या केंद्रीय नोंदणीत नोंद आहे का, कारण ती नसेल तर बँकेला या कायद्याखाली पाऊलच उचलता येत नाही. बाकी रक्कम मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी आहे का. असेल तर कायदा लागू होत नाही. दोन्ही वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत का. इथे सगळं चोख होतं. मुद्दा नसताना नुसता वेळ काढायला अर्ज लावून देणारे भेटतात. तो वेळ फुकट नसतो. या खात्यावर रोज साधारण ९७० रुपये व्याज चढत होतं.

तडजोडीचीही आशा नव्हती. एकरकमी परतफेड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलंय, आणि बाकीच्या जवळजवळ दुप्पट किमतीचं तारण हातात असताना कुठली बँक मुद्दल सोडेल?

मग आजींनी रिव्हर्स मॉर्गेजचं विचारलं, मंडळात कुणी सांगितलं होतं. ही योजना राष्ट्रीय आवास बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांवर चालते. ६० वर्षांवरच्या मालकाला घरात राहून बँकेकडून ठरावीक रक्कम मिळते, हयातीत फेडायची नसते. पण घर बोजाविरहित लागतं, इमारतीचं आयुष्य निदान २० वर्षं उरलेलं लागतं आणि पैसा धंद्यासाठी चालत नाही. जुनं कर्ज फेडता येतं, पण ते त्याच घरासाठी काढलेलं असेल तरच. मुलाच्या वर्कशॉपचं कर्ज त्यात बसत नाही. शिवाय याही योजनेत घर जाऊ शकतं, हे कुणी सांगत नाही: सलग वर्षभर घरात राहिलं नाही, मालमत्ता कर किंवा विमा चुकवला, खोली भाड्याने दिली, मालकीत नवं नाव घातलं, तरी बँक कर्ज परत मागू शकते. सुनेकडे अमेरिकेत जाऊन वर्षभर राहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

ज्येष्ठ नागरिक कायद्याचं नावही निघालंच. मुलाला बक्षीस दिलेलं घर त्यात काही अटींवर परत मिळू शकतं. स्वतःच्या सहीने बँकेला दिलेलं गहाण त्यात सुटत नाही.

उरला एकच रस्ता: घर आपणच विकायचं. १३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही, कलम १३(१३) तसं सांगतं. पण संमती मागता येते, आणि बँकेलाही लिलावापेक्षा हे सोयीचं असतं. बँकेच्या मूल्यमापकाने धरलेली किंमत ५२ लाखांच्या आसपास होती. लिलावात ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर, आत माणसं राहत असलेलं घर घेणारा बाजारभाव देत नाही. सोसायटीत अलीकडे झालेली विक्री ६६ लाखांची होती. बाकी खर्चासह ३५ लाखांवर पोचलेली. लिलावात बाकी वळती होऊन उरलेली रक्कम मालकालाच मिळते, बँक ती ठेवून घेत नाही. म्हणजे दोन रस्त्यांतला १३-१४ लाखांचा फरक सरळ आजींच्या खिशातला होता.

दुपारी बँकेच्या वसुली विभागात गेलो. पत्र एका पानाचं, आजींच्या सहीचं. मागितलं एवढंच: विक्रीला लेखी संमती, ३० नोव्हेंबरपर्यंत वेळ, तोवर लिलावाची जाहिरात न देणं, प्रत्यक्ष ताबा पुढे ढकलायला तहसीलदारांना पत्र, आणि रोजच्या व्याजासह बाकीचा लेखी आकडा. प्राधिकृत अधिकाऱ्यांनी विश्वासाची रक्कम मागितली. एफडीतून दीड लाख दिले, पण ‘नो-लिएन’ खात्यात ठेवून घ्या असं पत्रात लिहून. नाहीतर ती रक्कम त्याच दिवशी व्याजात वळती होते आणि संमती नाकारली तरी परत येत नाही. तहसील कार्यालयात जाऊन वय आणि आजारपण सांगणाऱ्यांना तिथे सहानुभूती मिळते, स्थगिती नाही. आदेश राबवणं हेच त्यांचं काम. बँकेच्याच पत्राने ती तारीख हलते.

चार दिवसांत संमती आली, ताब्याची तारीख पुढे गेली. त्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पोलीस बंदोबस्ताचा विषयच महिनाभर मिटला. हे नशीब, यावर कुणी योजना आखू नये.

गिऱ्हाईक ६५ लाखांना मिळालं. त्याचं गृहकर्ज होतं, म्हणून त्याच्या बँकेला आपल्या बँकेकडून बाकीचं पत्र आणि मूळ कागदपत्रांची यादी द्यावी लागली. बाकीचा धनादेश थेट कर्जखात्याच्या नावाने निघाला, मुलाच्या करंट खात्यात एक रुपयाही जाऊ दिला नाही. दुय्यम निबंधकांकडे बँकेचा अधिकारी संमती देणार म्हणून हजर राहिला. २९ नोव्हेंबरला खातं बंद झालं, ३५ लाख २० हजारांना. दंडात्मक आकार बँकेने कमी केले, तेव्हा शेवटच्या पत्रात ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीने मिटवलं, असं येऊ न देता ‘पूर्ण परतफेड, खाते बंद’ लिहून घेतलं. नाहीतर तिघांच्याही क्रेडिट अहवालावर तो शेरा बसतो.

कराचा घाव मात्र राहिलाच. निम्म्याहून जास्त पैसा बँकेत गेला तरी भांडवली नफा पूर्ण ६५ लाखांवर मोजतात. कर्जफेड वजा होत नाही. घराचं २००१ चं मूल्यांकन साडेसात लाख, २०२४-२५ चा महागाई निर्देशांक ३६३. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं घर असल्यामुळे निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा टक्के, यातलं कमी ते भरता येतं. नुसतं भाड्याने राहिले असते तर कर सात लाखांच्या घरात जात होता. नव्या घरात घातलेला पैसा नफ्यातून वजा होतो, म्हणून तळेगाव दाभाड्याला जुन्या इमारतीत एक बेडरूमचा फ्लॅट घेतला, मुद्रांकासह २४ लाख, आजींच्याच नावावर. कर दोन लाखांच्या आसपास आला. त्यातले ६५ हजार गिऱ्हाइकाने आधीच एक टक्का टीडीएस म्हणून कापून भरले होते, बाकी विवरणपत्र भरताना गेले.

एफडीची उरलेली रक्कम धरून नऊ लाख राहिले. ते पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ८.२ टक्क्यांनी, तिमाहीला साधारण १८ हजार. मुलाने संयुक्त खातेदार म्हणून आपलं नाव घालायला फॉर्म पुढे केला होता. या योजनेत पती-पत्नीखेरीज दुसऱ्याचं नाव संयुक्त म्हणून चालत नाही, आणि खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म तसाच परत दिला.