फुलममधला मंगळवार

लिहितात फुलहॅम, पण इथली माणसं म्हणतात 'फुलम'. पश्चिम लंडनमधला, थेम्सच्या काठावरचा हा भाग. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो तेव्हा मला एवढंच दिसलं होतं की घरं महाग आहेत आणि झाडं सुंदर आहेत. पुढे रोजच्या पायी फिरण्यातून दुसरं फुलमही दिसायला लागलं. नॉर्थ एंड रोडवरच्या बाजारात दुपार उतरल्यावर येणाऱ्या आज्या, कारण तेव्हा भाजीचे भाव पडतात. लिली रोडजवळची कौन्सिलची घरं. त्या वसाहतीचं नाव क्लेम अ‍ॅटली. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान असलेले तेच अ‍ॅटली. तरुणपणी ते पूर्व लंडनमधल्या गरीब वस्तीत मुलांच्या क्लबचं काम बघायचे, आणि तिथल्या दारिद्र्यानेच त्यांना राजकारणात ओढलं.

गेली चार वर्षं मी दर मंगळवारी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या चर्चच्या हॉलमध्ये जाते. तिथे फूडबँक चालते, म्हणजे अडचणीतल्या घरांना मोफत शिधा देण्याचं काम. घरच्यांना, मैत्रिणींना फोनवर तुकड्यातुकड्यात सांगत आले आहे, आज सगळं एकत्र लिहिते.

पावणेदहाला पोचलं की पहिलं काम चहाचं. शिधा लावणं, पिशव्या भरणं हे सगळं नंतर. आधी मोठा बॉयलर लावायचा, कप मांडायचे, चार टेबलांवर धुतलेली कापडं अंथरायची, प्रत्येक टेबलावर काचेच्या बरणीत दोन-चार फुलं ठेवायची. पहिल्या दिवशी मला हे उगीचच वाटलं होतं. लोक अन्न न्यायला येणार, तर अन्नाचं बघा की! पण हा सगळा कारभार सांभाळणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या आजींनी (मी त्यांना नावाने हाक मारते, इथे तीच रीत आहे, पण मनात त्या आजीच आहेत) मला पहिल्या तासातच बजावलं, "इथे कुणाला रांगेत उभं करायचं नाही. येतील त्यांना बसवायचं, आणि चहा की कॉफी, साखर किती, हे विचारायचं. सकाळपासून त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं, नुसतं सांगितलेलं असतं."

साखर किती. मी हा प्रश्न आता दर मंगळवारी तीस-चाळीस वेळा विचारते. बहुतेक जण आधी म्हणतात, "कशीही चालेल." मग दुसऱ्यांदा विचारलं की मान वर करून सांगतात, "दोन चमचे."

फूडबँकेची पद्धत थोडक्यात सांगते. सरळ चालत येऊन पिशवी मागायची असं सहसा नसतं. डॉक्टर, शाळा, कौन्सिलमधले लोक, मोफत सल्ला देणारी केंद्रं, यांच्यापैकी कुणीतरी तुमची अडचण समजून घेऊन व्हाउचर देतं. ते दाखवलं की घरात माणसं किती त्या हिशेबाने तीन दिवसांचा शिधा मिळतो. ओट्स किंवा सीरियल, पास्ता, तांदूळ, डबाबंद टोमॅटो, बीन्स, भाज्या, मासे किंवा मांस, फळं, सूप, चहा, टिकाऊ दूध, बिस्किटं. लहान मूल असेल तर डायपर. साबण आणि पॅडचं कपाट वेगळं असतं. तिथे बायका स्वतः जाऊन घेतात, कुणाकडे मागावं लागत नाही.

एक खोका मात्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या पोटात कालवलं. त्याला 'केटल बॉक्स' म्हणतात. ज्याच्याकडे शेगडी नाही, फ्रिज नाही, फक्त पाणी उकळायची केटल आहे, त्याच्यासाठी. त्यात कपात उकळतं पाणी ओतून होणारे नूडल्स, सूपच्या पुड्या, ओट्सची पाकिटं असतात. ज्याच्याकडे केटलसुद्धा नाही त्याच्यासाठी थंडच खाता येईल असं वेगळं भरतात. जगातल्या श्रीमंत शहरांत मोडणाऱ्या या गावात, एका खोलीत, एका केटलवर माणसं दिवस काढतात. ब्रिटनमधल्या फूडबँकांच्या सर्वांत मोठ्या जाळ्याने, म्हणजे ट्रसेलने, २०२३-२४ या वर्षात ३१ लाखांहून जास्त शिधे वाटले, त्यातले ११ लाखांहून जास्त मुलांसाठी. सरकारी मदतीचा अर्ज केला की पहिले पैसे हातात पडायला साधारण पाच आठवडे जातात, आणि घरभाडं काही पाच आठवडे थांबत नाही. आमच्याकडे येणारे पुष्कळ जण या पाच आठवड्यांत अडकलेले असतात. कितीतरी जण नोकरी करणारेसुद्धा असतात.

ट्रसेलची सुरुवात कशी झाली ते आजींनीच मला सांगितलं. १९९७ मध्ये सॉल्झबरीच्या एका ख्रिस्ती जोडप्याने, पॅडी आणि कॅरल हेंडरसन यांनी, बल्गेरियातल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी काम सुरू केलं. त्यासाठी ते पैसे गोळा करत असताना त्यांच्याच गावातल्या एका आईचा फोन आला की माझी मुलं आज रात्री उपाशी झोपणार आहेत, त्याचं तुम्ही काय करणार? सॉल्झबरीची फूडबँक २००० साली निघाली ती त्यांच्या बागेतल्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये. लांबच्या मुलांचं बघता बघता शेजारचं घर दिसलं नव्हतं, हे त्यांनी मान्य केलं आणि तिथून कामाला लागले. मला ही गोष्ट फार आवडते.

आता आईचं सांगते.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, केडगावजवळचं. केडगाव म्हटलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. लहानपणी स्टेशनकडे जाताना ती भिंत, ती झाडं रोज दिसायची. घरात रमाबाईंबद्दल दोन सूर होते. आजोबा म्हणायचे, "बाईने दुष्काळातल्या पोरी जगवल्या, तेवढं कुणी केलं नाही." आजी म्हणायची, "जगवल्या खऱ्या, पण बाटवल्या." आईने आजीचा सूर उचलला. त्यामुळे मी चर्चमध्ये मदतीला जाते म्हटल्यावर फोनवर थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाली, "सांभाळून गं. आधी चहा देतात, मग पुस्तक देतात."

तिची भीती मी हसण्यावारी नेली नाही, कारण ती माझ्याही मनात होती. पहिले सहा महिने मी डोळ्यांत तेल घालून बघत होते की कुणाला धर्म विचारतात का, पिशवीत काही घालतात का. एकदा खरंच घातलं. नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी प्रत्येक पिशवीत छापील पत्रकं सरकवली. अगदी मनापासून, चांगल्या हेतूने. आजींनी एकेक पिशवी पुन्हा उघडून ती पत्रकं काढली आणि दाराजवळच्या टेबलावर ठेवली, ज्याला हवं तो उचलेल. त्या गृहस्थांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. म्हणून जे त्याला नाकारावंसं वाटेल, असं काही आपण त्याच्या हातात द्यायचं नाही."

मला हे वाक्य पुरेसं आहे. ही माणसं श्रद्धाळू नाहीत असं मात्र समजू नका. काम सुरू होण्याआधी ती सगळी गोल उभी राहून दोन मिनिटं प्रार्थना करतात. मी बाजूला कप पुसत असते, कुणी मला बोलावत नाही आणि कुणी टाळतही नाही. आलेल्यांपैकी कुणी स्वतःहून म्हणालं की माझ्यासाठी प्रार्थना करा, तर कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांवर बसून करतात. हॉलच्या भिंतीवर बायबलमधली एक ओळ आहे, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नकोस, अशी. ती वाचून मी चमकले होते. आमच्या आजोबांच्या तोंडी हेच होतं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. मी ते कायम आपल्याकडचं म्हणूनच ऐकलं होतं.

इथेच रमाबाईंचा आणि या भागाचा एक धागा आहे, आणि तो कळला तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आल्या, वाँटेज गावातल्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात, राहिल्या, तिथेच त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या मुक्कामात सिस्टर्सनी त्यांना लंडनला पाठवलं आणि फुलममधलं आपलं काम दाखवलं. समाजाने 'पतित' ठरवून टाकून दिलेल्या बायकांसाठी त्यांनी तिथे घर चालवलं होतं. त्या घरातून सावरलेल्या काही बायका आता स्वतः आजाऱ्यांची सेवा करत होत्या. अशा बायकांसाठी काही करायला हवं हे आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथे उमगलं, असं रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलं. पुढे १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, मग पुणे, आणि शेवटी माझ्या माहेरचं केडगाव. ज्या भिंतीला लागून मी शाळेत गेले, तिचं एक मूळ मी आज राहते त्या फुलममध्ये आहे! आणि रमाबाई काही मुकाट मान डोलावणाऱ्या नव्हत्या. धर्म स्वीकारल्यावरही काय मानायचं आणि काय नाही यावरून त्या सिस्टर्सशी पत्रांतून चांगल्या कडाडून भांडल्या. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक मुलगा आला. पातळ जाकीट, पाठीवर लॅपटॉपची बॅग. व्हाउचर त्याच्या विद्यापीठाच्या सल्ला विभागाने दिलेलं. आडनाव वाचून मी न राहवून विचारलं, "मराठी का?" त्याचा चेहरा असा उतरला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. परक्यांसमोर हात पसरणं त्याने कसंबसं पचवलं होतं, आपलं माणूस समोर येईल हे त्याने धरलंच नव्हतं. खाली बघत म्हणाला, "ताई, घरी कळायला नको. बाबांनी जमीन गहाण ठेवलीय."

मी म्हटलं, "अरे, मी तुझ्या घरी कशाला सांगू? साखर किती?"

दोन कप चहा झाल्यावर तो बोलला. सत्र चालू असताना विद्यार्थ्यांना आठवड्याला फार तर २० तास काम करता येतं. त्याचं तेही सुटलं होतं. पाच जणांच्या खोलीत दहा दिवस तो ब्रेड आणि लोणच्यावर होता. सगळ्यांत मोठी भीती व्हिसाची. आमच्या सगळ्यांच्याच व्हिसाला अट असते की सरकारी मदत घेता येणार नाही. फूडबँकेत आलो हे कळलं तर परत पाठवतील, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. हे तुमच्यापैकी ज्यांची मुलं इथे शिकतात त्यांनी नीट वाचा: फूडबँक ही धर्मादाय मदत आहे, ती त्या सरकारी मदतीत मोडत नाही, आणि ती घेतल्याने व्हिसाला धक्का लागत नाही. मुलं या भीतीपायी उपाशी राहतात. फोन केलात की "जेवलास का" एवढंच विचारू नका, "काय जेवलास" हेही विचारा.

त्याच्या पिशवीत मी तांदूळ आणि हरभऱ्याचे डबे जास्त घातले. तूरडाळ नव्हती. तिथले लोक देतात ते त्यांच्या जेवणातलं, डाळ कुणाला सुचणार? त्या आठवड्यात मी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, आणि तेव्हापासून एक फळी डाळ, पोहे आणि मसाल्याची असते. ती फळी आता सोमाली बायका आणि बांगलादेशी आजोबाही बघतात.

यंदा मे महिन्यात आई आली, तीन महिन्यांसाठी. दुसऱ्या मंगळवारी मीच म्हटलं, घरी एकटी कशाला बसतेस. आली, पण दाराजवळच्या खुर्चीवर पदर घट्ट ओढून बसली. आजींनी तिच्यासमोर खोकंभर टोमॅटोचे डबे आणि एक जाड मार्कर ठेवला. डब्याची मुदत कधी संपते ते शोधून वर मोठ्या आकड्यात लिहायचं, म्हणजे आधी संपणारे आधी जातात. भाषा लागत नाही, आकडे बघितले की झालं. आईने तीस वर्षं गावातल्या दूध डेअरीत हिशेब लिहिले आहेत. तासाभरात तिने तीन खोकी हातावेगळी केली, डबे एका रेषेत, तोंडं एकीकडे.

अकराच्या सुमाराला फळ्यांपाशी गोंधळ झाला. आईने '२७' लिहिलं होतं, मराठीत. दोन कळत होतं, पण सात कुणाला सहा वाटे, कुणाला उलटं नऊ. मी घाईघाईने डबे पुसायला घेतले, तर आजींनी माझा हात धरला. खोक्याचा एक पुठ्ठा फाडून आईपुढे ठेवला, स्वतः वरच्या ओळीत त्यांचे आकडे लिहिले, शून्यापासून नऊपर्यंत, आणि खाली बोट ठेवून आईकडे बघितलं. आईने प्रत्येकाखाली आपला आकडा काढला, वळणदार, डेअरीच्या वहीतला. त्यांनी पुठ्ठा चिकटपट्टीने फळीला लावला.

आई जुलैअखेर परत गेली. पुठ्ठा अजून तिथेच आहे. परवा एका नव्या मुलीला आजी त्याच्यासमोर उभं करून सात शिकवत होत्या.