मग आम्ही बघायचं कुठे?

प्रयोग संपला की मी तारा पुसत बसते. घामाने तारा गंजतात, त्यामुळे हे काम नंतरवर ढकलता येत नाही. तेवढ्यात कुणीतरी मंचाच्या पायरीशी येतं, आधी "छान झालं हं" म्हणतं आणि मग खरं काय ते विचारतं. "एक सांगा, आम्ही नक्की बघायचं कुठे? तुमच्या बोटांकडे, त्या ताई रंगवतात तिकडे, की गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडाकडे?" परवा एका निवृत्त सरांनी तर तक्रारच केली. म्हणाले, "तिकीट एक आणि कामं तीन!"

तर सर, तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. पायरीवर उभ्या उभ्या मी नेहमी "कुठेही बघा हो" म्हणून वेळ मारून नेते, आणि ते काही खरं उत्तर नव्हे.

आम्ही तिघं आहोत. एक मित्र गोष्ट सांगतो. मैत्रीण टेबलावर कागद पसरून रंगवते, वर टांगलेल्या कॅमेऱ्यातून तो कागद मागच्या पडद्यावर दिसतो. मी गिटार वाजवते. पन्नास मिनिटं एकच गोष्ट चालते. नदीकाठची एक बाई, तिचा नवरा तरीवर, म्हणजे नदी पार करायच्या जागी, होडी चालवतो, आणि पुराच्या रात्री पलीकडून कुणीतरी हाक मारतं म्हणून तो होडी पाण्यात लोटतो. गोष्ट आमचीच, म्हणजे आम्हीच रचलेली.

पहिला प्रयोग आठवला की अजून कानकोंडं होतं. मित्र म्हणाला, "पाऊस सुरू झाला." मैत्रिणीने लगेच निळ्या तिरप्या रेघा ओढल्या. आणि मी, अतिशय हौसेने, वरच्या दोन तारांवर टपटप टपटप. एकच पाऊस तीनदा पडला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "छत्री आणायला हवी होती." हशा झाला. त्यानंतर तो तरीवाला बुडाला काय किंवा तरला काय, लोकांना सोयरसुतक उरलं नाही.

त्याच सुमारास कुडाळजवळ पिंगुळीला जाणं झालं. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, हे सगळं तिथे अजून जितंजागतं आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. गोठ्याच्या जागेत त्यांनी उभारलेलं संग्रहालयही तिथेच आहे. चित्रकथीत चित्रांची पोथी असते. कथेकरी जमिनीवर बसतो, चित्र समोर टेकवून ठेवतो आणि वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं छोटं चर्मवाद्य यांच्या साथीने रामायण-महाभारतातलं आख्यान लावतो. मी गिटारवाली, त्यामुळे माझं लक्ष आधी वाद्यांकडे गेलं. पण मनात राहिलं ते निराळंच. चित्र हलतच नाही! बटबटीत डोळ्यांची ती माणसं धनुष्य ताणून जागच्या जागी उभी, आणि शब्द नि सूर त्यांच्याभोवती फिरत राहतात. बराच वेळ. मग कागद बाजूला, पुढचं चित्र.

(आम्हाला "किती नवीन प्रयोग!" म्हणणाऱ्यांसाठी एक भर घालते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. आमचं त्यात नवीन म्हणावं तर प्रोजेक्टर. आणि तोच सगळ्यात जास्त छळतो.)

परत आल्यावर आम्ही एक बंधन घालून घेतलं. शब्दांत आलेली गोष्ट चित्रात येणार नाही, चित्रात आलेली गिटारवर येणार नाही. आता मित्र पाऊस म्हणतो तेव्हा मैत्रीण दार रंगवते. नुसतं बंद दार, कडी लावलेली. मी काहीच वाजवत नाही. पाऊस लोकांना ऐकू येतो की नाही कोण जाणे, पण छत्रीचा विनोद पुन्हा कुणी केलेला नाही.

इथे दुसरा प्रश्न हमखास येतो, गिटारच का? बासरी गोड वाटली असती, सारंगीने रडवलं असतं. माझं म्हणणं असं की त्या दोघी फार बोलतात. गिटारची तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो, बोलणाऱ्याला जागा करून देतो. शिवाय मी तार लावते ती नेहमीसारखी नाही. पहिली, दुसरी आणि सहावी अशा तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवते. मग जाडीकडून बारीककडे सहा तारा होतात सा, प, सा, म, प, सा. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहम या गिटारवादकाने १९६०च्या दशकात तारा लावण्याची ही पद्धत रूढ केली. आपल्याला तर ती तंबोऱ्याच्या नात्यातलीच वाटते.

यात गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, नाही, आणि माझं सगळं काम त्या नसण्यावर चालतं. कोमल नाही, शुद्धही नाही. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या तरी ते सुखाचं आहे की दुःखाचं, हे ठरत नाही. बाई दारात उभी आहे, पडद्यावर पिवळा ठिपका उमटतो. कंदील असेल, होडीतला दिवा असेल, किंवा पलीकडच्या गावात काही पेटलंही असेल. त्या ठिपक्याखाली मी शुद्ध गंधार दाबला तर नवरा परत आला, कोमल दाबला तर गेला. म्हणून दाबत नाही. पन्नास मिनिटांत गंधार एकदाच येतो, आणि कुठला ते इथे सांगणार नाही.

कटकटी मात्र अनंत. एसी हॉलमध्ये तार नीट लावून बसावं, तर दिवे लागले की तारा तापून उतरतात. आधीच सैल केलेली सहावी तर सगळ्यात आधी. कॅमेऱ्यातून पडद्यावर जाईपर्यंत चित्राला पापणी लवण्याइतका उशीर होतो. सुरुवातीला मी मैत्रिणीच्या मनगटाकडे बघून वाजवायची. माझ्या मते अगदी बरोबर, पण लोकांना तार आधी आणि ब्रश मागून. आता मान वळवून पडद्याकडे बघते. मानेचं दुखणं वेगळं.

तर सर, बघायचं कुठे? पुढच्या वेळी डावीकडच्या खुर्च्या घ्या, चौथ्या-पाचव्या रांगेतल्या. तिथून पडदा, तिचा हात आणि मित्राचं तोंड तिन्ही नीट दिसतं. उजवीकडे बसलात तर माझ्या वळलेल्या मानेपलीकडे फारसं काही दिसत नाही.