तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्मंड आयरिश की इंग्रज?

डब्लिनला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना फिनिक्स पार्कात नेणं हे माझं ठरलेलं काम. ठिपक्यांची हरणं दिसली की मी सांगतो, १६६२ मध्ये ऑर्मंडच्या ड्यूकनं हे रान हरणांसाठी राखलं. मग हमखास प्रश्न येतो, "तो आयरिश की इंग्रज?"

हा ड्यूक म्हणजे जेम्स बटलर. जन्मला लंडनला, १६१० साली. घराणं मात्र आयर्लंडात चार शतकं मुरलेलं, कॅथलिक. बाप जहाज बुडून गेला आणि वतनाच्या तंट्यात आजोबा तुरुंगात. पोराला राजानं ताब्यात घेतलं नि कँटरबरीच्या आर्चबिशपकडे ठेवलं. तिथं तो प्रॉटेस्टंट झाला. आई, भावंडं कॅथलिकच राहिली. तंटा मिटला तो १६२९ साली, वतनावर हक्क सांगणाऱ्या नात्यातल्याच एलिझाबेथ प्रेस्टनशी लग्न करून. भाऊबंदकीवर सोयरिकीचा हा उतारा आपल्याला नवा नाही.

मला तो भावतो १६३४चा. डब्लिनच्या पार्लमेंटात सरदारांनी तलवारी दारात ठेवायच्या, असा लॉर्ड डेप्युटी, म्हणजे राजाचा आयर्लंडातला कारभारी, वेंटवर्थचा हुकूम होता. दारावरच्या अधिकाऱ्यानं तलवार मागितली, तर हा म्हणे, हवी तर तुझ्या पोटात मिळेल! वेंटवर्थनं जाब विचारताच यानं राजाचं बोलावणं पुढं केलं. त्यात लिहिलेलं, अर्लनं (तेव्हा त्याचा किताब हाच) तलवार कमरेला लावून यावं. वय तेवीस. मस्ती होती, पण खिशात कागद ठेवून केलेली. वेंटवर्थनं त्याला पुढं जवळच केलं.

१६४१ला आयर्लंडातल्या कॅथलिकांनी उठाव केला. त्यानंतर राजासाठी आयर्लंड सांभाळताना मात्र हा कागदोपत्री चोखपणा त्याला महागात पडला. उठाववाल्यांच्या कॅथलिक संघाशी तह जुळेना, तेव्हा १६४७ला त्यानं डब्लिन राजाशी लढणाऱ्या इंग्लिश पार्लमेंटच्या हवाली केलं. दोनच वर्षांत त्याच संघाला बरोबर घेऊन तो ते परत घ्यायला आला आणि २ ऑगस्ट १६४९ला डब्लिनजवळच्या रॅथमाइन्सला सपाटून हरला. (आज तिथं मी बसनं भाजी आणायला जातो.) पंधरवड्यात पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल आयर्लंडात उतरला. पुढची दहाएक वर्षं नव्या राजाबरोबर, दुसऱ्या चार्ल्सबरोबर, परदेशात, कर्जात.

१६६०ला राजा परतला, याला ड्यूक केलं, पुन्हा आयर्लंडचा कारभार दिला. आयरिश गुरांना इंग्लंडची बाजारपेठ बंद करणाऱ्या कायद्याशी तो लंडनला भांडला, हरला. किलमेनहॅमला म्हाताऱ्या सैनिकांसाठी त्यानं उभारलेलं घर अजून उभं आहे. माझ्या हिशेबात तो राजाचा माणूस. त्याच्या आयरिशपणाची आठवण दुसऱ्यांनाच जास्त असायची.

डिसेंबर १६७०ला थॉमस ब्लड नावाच्या आयर्लंडातल्या बंडखोरानं त्याला लंडनमध्ये बग्गीतून ओढून काढलं, टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशीच्या माळावर, फाशी द्यायला घोड्यावर बांधून नेलं. साठीचा म्हातारा झटापट करून सुटला. पुढच्या मे महिन्यात हाच ब्लड राजमुकुट चोरताना पकडला गेला, आणि राजानं त्याला चक्क माफ केलं. ऑर्मंड म्हणाला, राजा मुकुटाची चोरी विसरू शकतो, तर मी माझ्या जिवावरचा हल्ला विसरेन. राजानं ब्लडला वर जमीनही दिली. कुठली? आयर्लंडातली.