रंकाळ्यातला ळ

रात्रीचे साडेदहा. हाताचा रॉकेलचा वास अजून गेलेला नाही, तरी आज लिहितेच.

दुपारी आमच्या छापखान्यात आबांना डव्ह्ज प्रेसची गोष्ट सांगितली. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये १९०० साली कॉब्डेन-सँडरसन आणि एमरी वॉकर यांनी काढलेला छापखाना. एकच टाइप, म्हणजे खिळ्यांचा, धातूच्या सुट्या अक्षरांचा, एकच संच, एकाच मापाचा, व्हेनिसचा मुद्रक जेन्सन याच्या १४७० च्या अक्षरांवरून घडवलेला. चित्र नाही, वेलबुट्टी नाही. त्यांच्या पाच खंडी बायबलचं पहिलं पान मोबाइलवर मोठं करून दाखवलं. डाव्या कडेला उंचच उंच लाल 'आय'. आबांना इंग्रजी येत नाही. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

"दोन शब्दांतली जागा बघ. कुठंबी भोक पडल्यागत दिसत न्हाई."

पन्नास वर्षं खिळ्यांची जुळणी केलेली नजर. मला तोवर फक्त ते लाल अक्षरच दिसलं होतं.

मग पुढचं सांगितलं. भागीदारांचं फाटलं. आपल्यामागं टाइप वॉकरकडं जाणार, हे कॉब्डेन-सँडरसनला सोसेना. १९१६ च्या ऑगस्टपासून रात्रीच्या अंधारात फेऱ्या मारून त्यानं टनभराहून जास्त खिळे पुलावरून थेम्समध्ये टाकले. सुरुवात केली तेव्हा वय ७५.

आबा गप्प झाले. आमचाही ऑगस्टच, २०१९ चा. पंचगंगेचं पाणी दुकानात छातीपर्यंत. खिळे ठेवायच्या लाकडी केस फुगून खण निघेनात, निघाले त्यांतले खिळे चिखलात कालवलेले. भंगारवाला दोनदा येऊन गेला. शिसं काय कुजत नाही, म्हणत आबांनी त्याला परत पाठवलं आणि आम्ही एकेक खिळा धुवायला बसलो.

"नदीनं नेलं तर समजतंय," आबा म्हणाले. "आपल्या हातानं टाकायचं?"

त्या म्हाताऱ्याचा जीव त्या अक्षरांत किती गुंतला होता, ते मला कळतं. तरी माफ करवत नाही. २०१४ मध्ये पाणबुड्यांनी थेम्समधून दीडशेच्या आसपास खिळे वर काढले, हेही सांगितलं.

"दीडशात एक पानबी जुळायचं न्हाई," म्हणून ते पुन्हा खिळे जुळवायची स्टिक घेऊन बसले.

मंगळवार पेठेतल्या एका घरची वास्तुशांतीची पत्रिका आहे. मंगळवार, सकाळी, वेळ, रंकाळा, मंडळी. पायका मापाचे ळ चौदा लागतात, खणात अकराच आहेत. पुराच्या गाळाचा एक डबा अजून माळ्यावर तसाच आहे. उद्या सकाळी तो खाली काढायचा.