भुऱ्या आणि जळगावचा मे महिना

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला, आम्ही पहाटे साडेपाचला फिरवतो, मग थेट रात्री नऊनंतर. निघण्याआधी मी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवते. पाच सेकंद ठेवता आली नाही, तर त्याचे पायही तिथे पडायचे नाहीत.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून ते अंग थंड करतं. गेल्या वर्षी दुपारी तो गच्चीवर अडकला. खाली आणला तेव्हा लाळ गळत होती, पाय लटपटत होते. पोटावर, पंज्यांवर साधं पाणी ओतलं, पंखा लावला आणि तसंच डॉक्टरांकडे नेलं. वाचला. तेव्हापासून गच्चीच्या दाराला कडी असते आणि सावलीत पाण्याची दोन मातीची भांडी.

खाण्यावरून मात्र घरात अजून वाद होतो. भरिताच्या दिवशी सासूबाई म्हणतात, "एवढंसं दे ना त्याला, कसा बघतोय!" पण भरितात कांद्याची पात आणि लसूण असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुके, द्राक्षंही नाहीत. त्याला ज्वारीची कोरी भाकरी आणि उकडलेलं अंडं चालतं.

रेबीजची लस दरवर्षी, तारीख कॅलेंडरवर लिहिलेली. पावसाळ्यात रोज रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधते. आता तो स्वतःच पंजा पुढे करतो.