पुढच्या चाकांनी ओढणारी बग्गी

रेडिओ-नियंत्रित बग्गींमध्ये टू-व्हील-ड्राइव्ह म्हटले की मोटरची ताकद मागच्या चाकांना जाणार, हे जवळजवळ गृहीत धरलेले असते. त्याला इतिहास आहे. ब्रूस मायर्स यांनी १९६४ साली फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रणेवर फायबरग्लासची हलकी बॉडी चढवून ‘मायर्स मँक्स’ ही बग्गी तयार केली. तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे होते आणि ताकद मागच्याच चाकांना मिळत होती, त्यामुळे वाळूत लागणारी पकड इंजिनाच्या वजनातूनच मिळत असे. १९७९ साली जपानच्या टामिया या मॉडेल कंपनीने ‘सँड स्कॉर्चर’ आणि ‘रफ रायडर’ ही एक-दशांश आकाराची मॉडेल्स आणली तेव्हा तीच रचना छोट्या गाड्यांत उतरली, आणि १९८४ च्या ‘आरसी१०’ या बग्गीने तिला शर्यतीच्या मैदानावर पक्के स्थान मिळवून दिले. पुढे कार्पेटसारख्या घट्ट पकडीच्या ट्रॅकवर मोटर मागच्या आसाच्या पुढे सरकली, तरी ताकद मात्र मागच्या चाकांनाच जात राहिली.

या रूढीचे कारण मला पटते, आणि तरीही पुढच्या चाकांनी चालणारी बग्गी स्वतः बनवावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते. ज्या गाड्यांनी आपल्याकडच्या रस्त्यांचे चित्र बदलले त्या बहुतेक फ्रंट-व्हील-ड्राइव्ह होत्या. अँबॅसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालत असताना १९८३ साली आलेली ७९६ सीसीची मारुती ८०० पुढच्या चाकांनी ओढली जात होती. त्याआधी, १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांच्या मिनीने आडवे इंजिन आणि पुढची चालक चाके यांचा मेळ किती कमी जागेत बसतो ते दाखवून दिले होते. त्याच मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. बर्फावर आणि ओल्या रस्त्यावर तिने कितीतरी अधिक ताकदीच्या गाड्यांना मागे टाकले. रेडिओ-नियंत्रित गाड्यांमध्ये (आरसी) टामियाच्या ‘एम-०३’ आणि ‘एम-०५’ या छोट्या चॅसिस पुढच्या चाकांवर चालतात, पण त्या डांबरी रस्त्यासाठी आहेत. मातीवर, उड्या घेत धावणारी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह बग्गी हवी असेल तर ती आपली आपणच घडवावी लागते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शाफ्टवर चालणारी एखादी फोर-व्हील-ड्राइव्ह बग्गी घ्यायची आणि तिच्या मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारे दांडे, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, काढून टाकायचे. एका संध्याकाळी ते काम होते आणि गाडी चालतेही, परंतु माझ्या मते ती खरी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह बग्गी नव्हे, कारण तिचे वजन चारही चाकांचा विचार करून वाटलेले असते आणि त्यातील निम्मे किंवा त्याहून अधिक मागे असते. असे का चालत नाही, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते.

गाडी वेग घेते तेव्हा भार मागच्या चाकांकडे सरकतो. मागून ढकलणाऱ्या गाडीला हा सरकणारा भार फुकटची पकड देतो, तर पुढून ओढणाऱ्या गाडीची पकड तोच भार काढून घेतो. चाकांच्या दोन आसांमधील अंतर २७५ मिलिमीटर, गुरुत्वमध्याची उंची ४५ मिलिमीटर आणि मोकळ्या मुरमावरचा घर्षणांक ०.६ धरला, तर चालक चाकांवर ६५ टक्के वजन असलेली मागून ढकलणारी गाडी गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.४३ पट त्वरण घेऊ शकते. तेवढेच वजन चालक चाकांवर असलेली पुढून ओढणारी गाडी मात्र ०.३६ पटीच्या आसपास थांबते. पुढचे वजन ५० टक्क्यांवर आणले की हाच आकडा ०.२७ वर घसरतो. मोटर कितीही जोरकस बसवली तरी या मर्यादेपलीकडची ताकद चाके जागच्या जागी फिरवून माती उडवण्यातच खर्च होते. म्हणून या बग्गीचा आराखडा करताना मी मोटरच्या निवडीवर फारसा वेळ घालवला नाही आणि प्रत्येक ग्रॅम कुठे बसणार यावरच सगळे लक्ष दिले.

रेअर-मोटर बग्गीचा मागचा गिअरबॉक्स घेऊन तो उभ्या अक्षाभोवती अर्धा फिरवून पुढे बसवायचा, हा माझ्या रचनेचा गाभा आहे. मूळ गाडीत आसाच्या मागे लोंबणारी मोटर अशा रीतीने पुढच्या आसाच्याही पुढे येते. ५४० आकाराची मोटर साधारण १६५ ग्रॅमची असते. ती आसाच्या ५५ मिलिमीटर पुढे बसली तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवर १९८ ग्रॅम भार येतो आणि मागच्या चाकांवरचा ३३ ग्रॅम भार उचलला जातो. मोटर आसाच्या मागे ठेवण्याचाही विचार मी केला होता. त्यात गाडीचे नाक आखूड राहते आणि ती वळायला चपळ होते, परंतु स्टिअरिंगचे बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणाऱ्या तरफा) आणि त्यांच्या लिंक यांना नेमकी तीच जागा लागते. मोटर पुढे गेल्यामुळे स्टिअरिंगला गिअरबॉक्सच्या मागे प्रशस्त जागा मिळाली आणि त्यामागे लगेच आडवी बॅटरी बसली. ९६ × ४७ × २५ मिलिमीटरची ‘शॉर्टी’ लिथियम-पॉलिमर बॅटरी या कामासाठी जणू मापून केलेली आहे.

गिअरबॉक्स उलटा बसवला की चाकेही उलटी फिरतात. कार्बन ब्रश असलेल्या जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये दोन तारांची अदलाबदल करून दिशा बदलता येते, पण तिचे टायमिंग, म्हणजे ब्रशचा कोन, एका दिशेसाठी पुढे सरकवलेले असेल तर ती उलट दिशेने फिरताना ठिणग्या टाकते आणि तापते. सेन्सर असलेल्या ब्रशलेस मोटरमध्ये मोटरच्या तिन्ही तारा नेमून दिलेल्या जागीच ठेवाव्या लागतात आणि दिशा ईएससीच्या, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या, सेटिंगमधून बदलावी लागते. ती सोय असलेला ईएससी आधीच निवडणे, हे या प्रकल्पातील सर्वांत स्वस्तात मिळणारे समाधान आहे. मी १७.५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) मोटर वापरली आहे. ७८ दात्यांचा स्पर (मोठे दातेरी चाक), २८ दात्यांचा पिनियन (मोटरवरचे छोटे दातेरी चाक) आणि गिअरबॉक्समधील २.६ चे अंतर्गत गुणोत्तर मिळून एकूण गुणोत्तर ७.२४ येते. दाते नेमके किती घट्ट बसवायचे, हे ठरवण्यासाठी दोन्ही गिअरमध्ये कागदाची पातळ पट्टी धरून मोटर आवळावी आणि मग पट्टी फिरवून काढावी. याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही.

चॅसिससाठी अडीच मिलिमीटर जाडीचा कार्बन फायबरचा पत्रा भोसरीतील एका लहान कारखान्यात सीएनसीवर कापून घेतला. घरी कानस लावून कडा गोल करायच्या असतील तर पत्रा ओला ठेवावा आणि तोंडाला मास्क बांधावा, कारण या धुळीचे बारीक तंतू फुप्फुसात जाणे घातक आहे. मोटर नाकात असल्यामुळे समोरून येणारा प्रत्येक उंचवटा आधी तिलाच भिडणार होता. त्यावर उपाय म्हणून पुढचा सगळा भाग, म्हणजे गिअरबॉक्स, मोटर आणि चाकांना धरणाऱ्या खालच्या आर्मचे आधार, १० अंशांनी वर कलवला. त्यासाठी पाचरीच्या आकाराचा ठोकळा नायलॉनमध्ये थ्रीडी प्रिंट केला. या कलामुळे चाकांनाही तेवढाच कॅस्टर, म्हणजे वळण्याच्या अक्षाचा मागे कल, मिळतो, आणि कॅस्टर ब्लॉकचे ५ अंश धरून एकूण कॅस्टर १५ अंश होतो. मोटरच्या पुढे जाड फोमचा बंपर आहे. तो देखणा नाही, पण उडीनंतर नाकावर आपटणाऱ्या गाडीत मोटरचा शाफ्ट वाकण्यापासून तोच वाचवतो.

सर्वांत अधिक विचार मात्र पुढच्या ड्राइव्हशाफ्टवर करावा लागला. या चाकांना एकाच वेळी फिरायचे, वळायचे आणि वर-खाली व्हायचे असते. त्यासाठी बाहेरच्या युनिव्हर्सल जॉइंटचा (कोनात राहूनही फिरणाऱ्या सांध्याचा) मध्य बरोबर किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याच्या, रेषेत यायला हवा; तो दोन मिलिमीटरही बाजूला सरकला तर चाक वळताना शाफ्ट आत-बाहेर ओढला जातो आणि पूर्ण वळणावर अडकतो. दुसरी अडचण जॉइंटच्या स्वभावातलीच आहे. एकेरी युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या बाजूची गती एकसारखी राहत नाही. ३० अंशांच्या कोनात ती प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे ०.८७ पटीपर्यंत उतरते आणि दोनदा १.१५ पटीपर्यंत चढते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ही थरथर निम्म्या ताकदीवर निभावून जाते. येथे सगळी ताकद याच दोन जॉइंटमधून जात असल्यामुळे एकेरी जॉइंट बसवले तर तीव्र वळणावर पुढची चाके कुरकुरतात आणि पकड तुटक मिळते. म्हणून मी दुहेरी जॉइंटचे, म्हणजे डबल-कार्डन प्रकारचे शाफ्ट बसवले. त्यात एका जॉइंटची चढ-उतार दुसरा जवळजवळ पुसून टाकतो. ते महाग पडतात आणि त्यांच्या पिना नियमित तपासाव्या लागतात, परंतु या बग्गीत काटकसर करायची असेल तर ती दुसरीकडे करावी असे माझे ठाम मत आहे.

टायरांच्या बाबतीत पुढे फोर-व्हील-ड्राइव्ह बग्गीचे पुढचे टायर योग्य ठरतात. टू-व्हील-ड्राइव्हचे मागचे रुंद टायर पकड अधिक देतात खरे, पण पूर्ण वळणावर ते आर्मला घासतात. मागे काय लावायचे याचे स्वातंत्र्य मोठे आहे, कारण ती चाके केवळ सोबत येणार असतात. टू-व्हील-ड्राइव्हचे पुढचे अरुंद, उभ्या रेषांचे टायर मागे लावून पाहिले तर गाडीचे शेपूट फार चटकन सुटते. त्यापेक्षा बारीक खुंट्यांचा मध्यम रुंदीचा टायर मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

तयार गाडीचे वजन १,६२० ग्रॅम भरले आणि पुढच्या चाकांखालच्या काट्याने त्यातील १,०५० ग्रॅम दाखवले, म्हणजे सुमारे ६५ टक्के. सस्पेन्शनची जुळवणी मागून ढकलणाऱ्या बग्गीच्या जवळजवळ सर्व बाबतींत उलट निघाली. पुढे अँटी-रोल बार (गाडीचे वळणात कलणे रोखणारी सळई) नाही आणि मागे १.४ मिलिमीटरचा ताठ बार आहे. वळणात भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो; त्यातला शक्य तितका वाटा मागच्या आसाने उचलावा आणि पुढची दोन्ही चाके जमिनीवर दाबलेली राहावीत, हा त्यामागचा हेतू आहे. घट्ट वळणात मागचे आतले चाक किंचित उचलले जाते, आणि ते उचलले जाणे हे जुळवणी बरोबर असल्याचे लक्षण आहे. मागच्या चाकांचा टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळलेली असणे) नेहमीच्या तीन अंशांवरून एका अंशावर आणला. पुढच्या चाकांना मात्र एक अंश टो-आउट (टोके बाहेर) दिला, कारण ताकद लागली की चाके पुढे ओढ घेतात आणि जोडण्यांमधली सगळी ढिलाई टो-इनच्या दिशेने गोळा होते.

दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल मोकळा असेल तर वळणात आतले हलके झालेले चाक सगळी ताकद पळवते, आणि तो पूर्ण बंद केला तर गाडी वळायलाच तयार होत नाही. गिअर डिफरन्शियलमध्ये सिलिकॉन तेल भरून यातला सुवर्णमध्य साधता येतो. १०,००० सीएसटीच्या (हे तेलाच्या घट्टपणाचे एकक) तेलाने आतले चाक अजूनही सुटत होते, तर १,००,००० सीएसटीच्या तेलाने गाडी वळणातून बाहेरच्या बाजूला ढकलली जाऊ लागली. मोकळ्या मुरमावर ३०,००० ते ५०,००० सीएसटीच्या दरम्यान मला सर्वांत चांगला परिणाम मिळतो.

चालवताना हाताला पूर्ण नवी सवय लावावी लागते. पुढच्या टायरांजवळ पकडीचे ठरावीक भांडवल असते आणि त्यातूनच वळणेही भागवायचे असते, ओढणेही आणि ब्रेकही, कारण मोटरचा ब्रेक फक्त त्याच चाकांवर लागतो. म्हणून ब्रेक सरळ रेषेतच संपवावा, वळणात थ्रॉटल हलका ठेवावा आणि चाके सरळ होत जातील तसतसा तो वाढवावा. वळणाच्या मध्यावर थ्रॉटल अचानक सोडला तर भार पुढे येतो, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाहेर फिरते. आखूड वळणात याचा मुद्दाम उपयोगही करता येतो. शेपूट सुटल्यावर काय करायचे, हे मागून ढकलणाऱ्या गाडीच्या अगदी विरुद्ध आहे. तेथे थ्रॉटलचा ट्रिगर आवरावा लागतो, येथे तो दाबावा लागतो, आणि बैलांनी ओढ घेतली की तिरकी झालेली गाडी जशी त्यांच्या मागे सरळ होते तशी ही बग्गी सरळ होते. हवेतली वागणूक मात्र तीच राहते. थ्रॉटल दिला की नाक वर येते आणि ब्रेक लावला की खाली जाते, कारण ही प्रतिक्रिया चाकांच्या फिरण्याची आहे आणि ती चाके कोणत्या आसावर आहेत याने तिला फरक पडत नाही. नाक जड असल्यामुळे उडीच्या कडेवरून निघताना थ्रॉटल किंचित उशिरापर्यंत धरून ठेवावा लागतो, एवढेच.

सपाट मैदानावर आणि लांब सरळ पट्ट्यात ही बग्गी त्याच मोटरच्या मागून ढकलणाऱ्या बग्गीला गाठू शकत नाही, आणि वरचे गणित पाहता ती गाठेल अशी अपेक्षाही नव्हती. खडबडीत, उतरत्या आणि किंचित ओलसर मातीवर मात्र ती इतक्या शांतपणे सरळ धावते की माझ्या हाती दुसरी कोणतीही टू-व्हील-ड्राइव्ह गाडी तेथे तेवढ्या वेगाने जात नाही. सध्या मी बॅटरीचा साचा आणखी १२ मिलिमीटर पुढे सरकवण्याच्या कामात आहे. त्यासाठी सर्व्हो, म्हणजे स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर, उभा करून बेलक्रँकच्या बाजूला न्यावा लागेल आणि स्टिअरिंगच्या लिंक नव्या लांबीच्या कराव्या लागतील. पुढचे वजन त्याने जेमतेम अर्ध्या टक्क्यानेच वाढेल, पण चढावर सुटताना तेवढाही फरक जाणवतो.